एका सुताचा सांधा: मुलुंडच्या घरात लादी बदलताना

आमची इमारत मुलुंड पूर्वेला आहे, १९८६ सालची. चार मजले, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. घरात बिल्डरने बसवलेली दहा इंची मोझेकची लादी २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तशीच होती. २०२४ च्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आणि दिवाळीनंतर प्लास्टरचा मोठा पोपडा खाली पडला. काकू भांडल्या नाहीत. फोटो पाठवला आणि जिन्यात भेटल्यावर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या पावसाच्या आत करून घे गं." मला फार अपराधी वाटलं.

बाथरूम फोडायचंच होतं. हॉलमधली लादीही आठ-दहा ठिकाणी पोकळ वाजत होती आणि एके ठिकाणी कोपरा उचलला गेला होता. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात. वॉकरची पुढची दोन चाकं त्या कोपऱ्याला अडायची. म्हणून ठरवलं की सगळ्याच घराची लादी एकदम बदलायची. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर आणि पॅसेज मिळून ३३० चौरस फूट, शिवाय पाच बाय सातचं बाथरूम.

हे लिहितेय ते मुख्यतः एका गोष्टीसाठी. दोन लाद्यांमध्ये किती फट, म्हणजे सांधा, ठेवायची, हा प्रश्न कामाच्या आधी मला कोणी विचारला असता तर मी म्हटलं असतं, "जितकी कमी तितकी चांगली." त्या उत्तरापायी एक दिवस आणि दोन लाद्या वाया गेल्या. तुमचं काम व्हायचं असेल तर तुमचा तो दिवस वाचावा.

आधी कागदपत्रं. ११ जानेवारी २०२५ ला सोसायटीकडे अर्ज दिला. सोबत कामाचं वर्णन, मिस्त्री आणि मजुरांच्या आधारकार्डांच्या प्रती, २०,००० रुपयांचा डिपॉझिटचा चेक आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, की खालच्या घराचं किंवा पाइपांचं नुकसान झालं तर भरपाई आमची. हे हमीपत्र पूर्वी १०० च्या स्टॅम्पवर चालायचं, पण ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. मी जुना १०० चा घेऊन गेले आणि परत आले. पालिकेची परवानगी लागते का, हेही सेक्रेटरींनी विचारलं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्त्यांना सूट आहे आणि त्यात जमिनीच्या लाद्या बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती हे स्पष्ट लिहिलेलं आहे. बाथरूमची जागा हलवायची असेल किंवा भिंत पाडायची असेल तर गोष्ट वेगळी. त्या कलमाची छापील प्रत अर्जाला जोडली आणि तो विषय मिटला. तुम्हीही जोडा, एक फेरी वाचेल.

कमिटीची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी असते. तो रविवार २६ जानेवारीचा निघाला. झेंडावंदन झालं, चहा झाला आणि मग गच्चीवरच बैठक होऊन आमचा अर्ज मंजूर झाला. अटी अशा: काम सकाळी साडेनऊ ते सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, रविवारी काम नाही, डेब्रिज चोवीस तासांपेक्षा जास्त आवारात ठेवायचं नाही, आणि काम संपल्यावर जिना धुऊन द्यायचा.

मधल्या दिवसांत लादी निवडली. एलबीएस मार्गावरची तीन-चार दुकानं पालथी घातली. एका दुकानात ६०० बाय १२०० मिलिमीटरची, फिकट राखाडी, मऊसर मॅट लादी जमिनीवर लावून दाखवली होती. अर्ध्यावर अर्धी, विटांच्या भिंतीसारखी मांडणी, आणि सांधा जवळजवळ दिसतच नव्हता. विक्रेता म्हणाला, "मॅडम, ही रेक्टिफाइड आहे, कडा मशीनने घासून मापात आणलेल्या असतात. बिनधास्त बिनगॅपची लावा." मला ते पटलं. आईंचं वॉकर गुळगुळीत फिरेल, सांध्यात घाण बसणार नाही, आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना पुसायला सोपं जाईल. एका खोक्यात दोन लाद्या, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. कापणी आणि तुटीसाठी दहा टक्के जास्त धरून २४ खोकी सांगितली. चौरस फुटाला ६८ रुपयांनी २५,३०० रुपयांच्या आसपास. वीस खोकी लगेच आली. उरलेली चार "मोरबीहून गाडी आली की" पाठवतो म्हणाले. ती १८ फेब्रुवारीला आली. ही तारीख पुढे कामाला येणार आहे. एक खोकं तीस किलोच्या आसपास भरतं, आणि लिफ्ट नसल्यामुळे हमालांनी मजल्याप्रमाणे पैसे घेतले. ते आधीच विचारून ठेवा.

३ फेब्रुवारीला, सोमवारी, फोडाफोडी सुरू झाली. आई नणंदेकडे डोंबिवलीला गेल्या, आणि बाथरूम होईपर्यंत आम्हीही तिकडेच राहिलो. ऑफिस सुटलं की मुलुंडला उतरून काम बघायचं, मग परत गाडी पकडून डोंबिवली. मोझेक आणि त्याखालचा जुना थर मिळून दीडशे गोण्या निघाल्या. टेम्पोच्या दोन खेपा, ७,००० रुपये. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही, फक्त धूळ शेजाऱ्यांच्या दाराखालून आत जाते. शेजारच्या तिन्ही घरांच्या उंबऱ्यांवर ओली पोती टाकायला लावली, त्याचं त्यांनी नंतर आवर्जून नाव काढलं.

आमचे मिस्त्री संगमेश्वरकडचे, साठीच्या घरातले. ते सगळं सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. दुकानदार मिलिमीटरमध्ये बोलतो, मिस्त्री सुतात, आणि मधे आपण. हा हिशोब पाठ करून ठेवा: अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरासं वर, एक सूत म्हणजे ढोबळ ३, सव्वा सूत म्हणजे ४.

बाथरूमचा जुना कोबा, म्हणजे लादीखालचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, काढला, पाइप बदलले, वॉटरप्रूफिंगचे थर दिले, नवा कोबा घातला आणि १४ फेब्रुवारीला नहाणीच्या ट्रॅपला, म्हणजे पाणी बाहेर जायच्या तोंडाला, बूच मारून पाणी भरून ठेवलं. ४८ तास. १६ तारखेला खालच्या काकूंकडे जाऊन छताला हात लावून बघितलं. कोरडं. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली. इथे एक सांगते, कारण माझाही समज चुकीचा होता: लादीचे सांधे नीट भरले की गळती थांबते असं नाही. ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, सिमेंटचा असला तर त्यातून पाणी हळूहळू खाली जातंच. पाणी अडवतो तो लादीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. सांध्यांवर भरवसा ठेवून तो थर टाळू नका.

बाथरूमच्या जमिनीसाठी ३०० बाय ३०० ची खरखरीत लादी घेतली होती. लहान लादी का, तर पाणी चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतरायला हवं आणि मोठी लादी उताराप्रमाणे वळत नाही. शिवाय जितके सांधे जास्त तितकी पायाला पकड जास्त. आईंच्या दृष्टीने हे मोलाचं होतं. मिस्त्रींनी पाच-सहा लाद्या हातात घेतल्या, एकावर एक ठेवून कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही ओबडधोबड आहे. सव्वा सूत सोडतो." मी हो म्हटलं. बाथरूम आहे, चालतंय, असा माझा विचार होता. ४ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे सांधा सारखा ठेवायला मधे घालायचे तुकडे, आणले, शंभराची पिशवी साठ रुपयांना.

भिंतीला ३०० बाय ६०० ची लादी होती, तिला त्यांनी ३ मिलिमीटर धरले. मला भिंतीची उभी रेष जमिनीच्या रेषेला मिळालेली हवी होती. मिस्त्रींनी कोळशाने भिंतीवर हिशोब करून दाखवला. जमिनीची लादी अधिक सांधा ३०४, भिंतीची ३०३, म्हणजे दर लादीमागे एक मिलिमीटरचा फरक. पाच लाद्यांनंतर पाच मिलिमीटर. रेषा जुळल्यासारखी दिसत दिसत शेवटी सुटते आणि ती फार वाईट दिसते. त्यांनी दारातून आत शिरल्यावर समोर दिसणाऱ्या कोपऱ्यात रेषा जुळवून घेतली आणि फरक दारामागच्या बाजूला जाऊ दिला. आज तिथे मुद्दाम बघितल्याशिवाय कळत नाही. दोन्हीकडे एकच सांधा ठेवता येत असेल तर तो ठेवणं सगळ्यात सोपं. पण मग मोठा आकडा धरावा लागतो, कारण ओबडधोबड लादीला लहान सांध्यात बसवता येत नाही.

२५ फेब्रुवारीपर्यंत बाथरूमची लादी लागली आणि आम्ही दोघं घरी राहायला आलो. हॉलमध्ये मोझेकखालचा थर काढून सिमेंट-वाळूचा नवा थर ओढला होता, तो वाळायला तीन आठवडे दिले. इथे घाई करू नका. ओल्या थरावर लावलेली लादी पुढे हलते.

३ मार्चला हॉल सुरू होणार होता. मी रजा घेतली. मिस्त्रींनी सकाळीच विचारलं, "सांधा किती?" मी म्हटलं, "बिनसांध्याची. आणि विटांसारखी."

ते गप्प राहिले. मग त्यांनी चार लाद्या कोऱ्या जमिनीवर अर्ध्यावर अर्धी अशा मांडल्या आणि मला खाली बसून बघायला सांगितलं. मी गुडघ्यावर बसून डोळे जमिनीलगत नेले. एका लादीच्या मध्याला जिथे शेजारच्या लादीचं टोक येत होतं, तिथे पायरी होती. हात फिरवला तर नख अडलं. लांब लादी भट्टीतून येताना मध्यात किंचित फुगलेली असते, टोकं जराशी खाली. अर्ध्यावर अर्धी लावली की एकीचा सगळ्यात उंच भाग दुसरीच्या सगळ्यात खालच्या भागाशेजारी येतो. वॉकरचं चाक नेमकं तिथेच आपटलं असतं. विटांची मांडणी मी तिथल्या तिथे सोडून दिली. ती हवीच असेल तर अर्ध्याऐवजी एक तृतीयांश सरकवा आणि सांधा एका सुताच्या खाली ठेवू नका.

बिनसांध्याचा हट्ट मात्र मी सोडला नाही. मिस्त्री म्हणाले, "ताई, लादीला हलायला जागा हवी." मी दुकानातली जमीन डोळ्यांसमोर आणून नाही म्हटलं. त्यांनी दोरी लावली, काटकोन बघायला गुण्या धरला आणि सरळ मांडणीत, कडेला कड भिडवून लावायला सुरुवात केली. दातेरी थापीने अॅडेसिव्ह ओढायचं, लादीच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा, मग लादी टेकवून रबरी हातोडीने ठोकायचं. पहिली रांग सुरेख दिसली. दुपारी चारनंतर दुसरी रांग शेजारी लागू लागली. पहिल्या लादीचे कोपरे बरोबर जुळले. दुसऱ्या लादीला केसाएवढा फरक. तिसऱ्या लादीच्या टोकाला चार कोपरे एका बिंदूत यायला हवे होते, ते आले नाहीत. उजवीकडची आडवी रेष डावीकडच्या रेषेच्या दीड मिलिमीटर पुढे गेली होती. मिस्त्रींनी लादी मागे रेटायचा प्रयत्न केला. मागे जागाच नव्हती. काचेवर काच घासल्यासारखा आवाज आला आणि कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. आतली पांढरी माती दिसू लागली.

त्यांनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "अजून ओलं आहे. आत्ता काढलं तर निघेल."

मी काढा म्हटलं. सहा लाद्या उचलल्या, दोन कोपऱ्यांत तुटल्या, चार धुऊन पुन्हा वापरता आल्या. त्या संध्याकाळी मला रडू आलं होतं हे खरं. पैशांपेक्षा, त्यांनी सकाळी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं याचं. दोन तास जास्त थांबून त्यांनी जमीन खरवडून साफ केली. त्या दिवसाची मजुरी धरून मी त्यांना २,००० रुपये वेगळे दिले.

रात्री भाच्याला फोन केला. तो कारखान्यात टूलरूममध्ये आहे. तो दुसऱ्या दिवशी सकाळी फीलर गेज घेऊन आला. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी लिहिलेली. साध्या टेपने अर्धा मिलिमीटर मोजता येत नाही, पण हे घरी कुणालाही जमेल. दोन लाद्या पाठीला पाठ लावून ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर उभ्या धरायच्या. वरच्या कडांना जी पायरी दिसते तो दोघींमधला फरक. उंच लादीवर पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टी व बुटकी लादी यांच्यामधल्या फटीत पाती सरकवून बघायची, कोणतं घट्ट बसतं ते. आधी मिळालेल्या वीस खोक्यांतल्या दहा लाद्या अशा मोजल्या. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान यांच्यात ०.६ मिलिमीटर. मग १८ फेब्रुवारीला आलेल्या चार खोक्यांतली एक लादी धरली. फरक ०.९ वर गेला.

खोक्यांच्या बाजू वाचल्या तेव्हा कळलं. नाव तेच, रंग तोच, पण लॉटचा आकडा वेगळा आणि मापाचा गट दाखवणारं अक्षरही वेगळं. दुकानदाराला फोन केला. "एवढा फरक चालतो मॅडम," म्हणाला, आणि जुन्या लॉटचा माल शिल्लक नाही असंही म्हणाला. चालतो हे खरं आहे, पण मग बिनसांध्याची लावा असं सांगायला नको होतं. माल घेताना सगळी खोकी एकाच दिवशी, एकाच लॉटची आणि एकाच मापाची आहेत ना, हे दारात उतरवून घेताना वाचा. हमाल थांबतील. मी वाचलं नव्हतं.

आता किती फट ठेवायची याला एक साधा हिशोब आहे. लादी लावण्याच्या अमेरिकन मानकात, एएनएसआय ए१०८.०२ मध्ये, नियम असा आहे की लाद्यांच्या मापात जेवढा फरक असेल त्याच्या किमान तिप्पट सांधा हवा, आणि कितीही सुबक लादी असली तरी एक सोळांश इंचाच्या खाली जायचं नाही. एक सोळांश इंच म्हणजे मिस्त्रींचा अर्धा सूत. आमच्या पहिल्या लॉटला ०.६ ची तिप्पट १.८, म्हणजे २ मिलिमीटर पुरले असते. दोन्ही लॉट मिसळले की ०.९ ची तिप्पट २.७, म्हणजे ३. मी हा कागद मिस्त्रींपुढे ठेवला. ते म्हणाले, "म्हणजे एक सूत." बाथरूमच्या लाद्याही मी मागाहून उत्सुकतेने मोजल्या. फरक १.३ निघाला. तिप्पट केली तर जवळजवळ सव्वा सूत. त्यांनी ते अंगठ्याने ओळखलं होतं.

फट फक्त मापातला फरक झाकायला नसते. लादी, तिच्याखालचा थर आणि स्लॅब ऊन-ओलीने वेगवेगळे हलतात. ठाण्याला माझ्या सहकारिणीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत बिनसांध्याची लादी होती. एका दुपारी मोठा आवाज होऊन मधल्या दोन रांगा तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या. मिस्त्रींचं "हलायला जागा" हेच होतं. म्हणून सांधे तर ठेवलेच, शिवाय चारी भिंतींलगत ८ मिलिमीटर जागा मोकळी सोडली. ती ग्राउटने भरायची नाही. वरून भिंतीच्या पायथ्याची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, येतं, त्यामुळे दिसत नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे लावण्याआधी कागदावर आडवा हिशोब. आमचा हॉल ३०५० मिलिमीटर रुंद. ६०० च्या पाच लाद्या आणि चार सांधे म्हणजे ३०१२. उरले ३८, म्हणजे दोन्ही भिंतींना दोन सेंटीमीटरहून अरुंद चिपा. तशी चीप कापतानाच तुटते आणि लागली तरी केविलवाणी दिसते. म्हणून मधे चारच अख्ख्या लाद्या घेतल्या आणि दोन्ही भिंतींना सारखे तुकडे: ३०५० मधून ४ लाद्यांचे २४००, पाच सांध्यांचे १५ आणि भिंतींलगतचे १६ वजा केले की ६१९ उरतात, म्हणजे दोन्हीकडे ३१ सेंटीमीटरच्या थोडे खाली. खोलीही काटकोनात नव्हती. बाल्कनीकडचं टोक १२ मिलिमीटरने जास्त रुंद होतं. तो फरक कापलेल्या तुकड्यांमध्ये जिरला. सांधे सरळच राहिले.

४ मार्चला दुपारी पुन्हा सुरुवात झाली. दोन्ही लॉटच्या लाद्या एका रांगेत मिसळायच्या नाहीत असं ठरलं. नव्या लॉटच्या बेडरूममध्ये, पलंगाखालच्या भागात गेल्या. लेव्हलिंगच्या क्लिपा आणि पाचर वापरल्या, त्याने शेजारच्या दोन कडा एका पातळीत येतात. क्लिपेच्या पायाची जाडी सांध्यात येते, म्हणून क्लिपा घेताना ती बघा. मी आधी १ मिलिमीटरच्या घेऊन ठेवल्या होत्या, त्या बदलून ३ च्या आणल्या. क्लिप असली तरी कोपऱ्यात स्पेसर हवाच. फक्त क्लिपांवर लादी सरकते. ८ तारखेला शनिवारी हॉल झाला आणि १० ला बाकीचं घर.

११ तारखेला मिस्त्री शिमग्याला गावी गेले. पालखी नाचवायचा मान त्यांच्या वाडीला असतो, त्यामुळे थांबा म्हणणं शक्यच नव्हतं. सांधे उघडे, घरभर स्पेसर, आणि मला गुढीपाडव्याच्या आत आईंना घरी आणायचं होतं. ते नऊ दिवस फार लांब वाटले. पण त्यातून फायदाच झाला. अॅडेसिव्हला किमान चोवीस तास द्यायचे असतात, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट मिळाले. मी रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्युमने सांधे साफ केले. वर आलेलं अॅडेसिव्ह वाळायच्या आत खरवडलं असतं तर हे काम अर्धं झालं असतं.

त्याच दिवसांत ग्राउटचा रंग ठरवला. तुटलेल्या दोन लाद्यांचे तुकडे ३ मिलिमीटर अंतर ठेवून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि तीन रंग भरले. ओला रंग गडद दिसतो, दोन दिवसांनी वाळल्यावर खरा कळतो. एकदम लादीच्या रंगाचा ग्राउट त्या पुठ्ठ्यावर सुरेख दिसला, पण घरकामाच्या ताईंनी तो बघून सांगितलं, "वहिनी, हा सहा महिन्यांत काळा पडेल, दाराजवळ आधी." त्या वीस वर्षं वेगवेगळ्या घरांच्या जमिनी पुसतायत. एक छटा गडद घेतला.

किती आणायचा याचाही हिशोब आहे. लादीची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले लादीची जाडी, गुणिले १.६. सगळं मिलिमीटरमध्ये घेतलं की उत्तर दर चौरस मीटरला किती किलो ते येतं. आमच्या मोठ्या लादीला ०.१०८ आलं, बाथरूमच्या लहान लादीला ०.३४. हॉल, बेडरूम, पॅसेज मिळून पावणेतीन किलो निघालं, तिथे पॉलिमर मिसळलेला बारीक सिमेंटचा ग्राउट घेतला. बारीक ग्राउट ३ मिलिमीटरपर्यंतच चालतो. त्याहून रुंद सांध्यात तो आकसून तडकतो, तिथे वाळूचा घ्यावा लागतो. बाथरूम आणि स्वयंपाकघरात सिमेंटऐवजी इपॉक्सी रेझिनचा ग्राउट, पाच किलोचा संच २,८०० रुपये. हळदीचे डाग त्याला लागत नाहीत, पण मार्चच्या उकाड्यात तो पाऊण तासाच्या आत घट्ट व्हायला लागतो. एकदम सगळा कालवू नका. आणि वरचा चिकट थर लगेच पुसला नाही तर मॅट लादीवरून तो निघत नाही.

मिस्त्री २० मार्चला सकाळी आले, सोबत गावचे आंबोळ्यांचे तांदूळ घेऊन. २० ते २४, मधला रविवार सोडून, त्यांनी सांधे भरले. ते त्याला ग्राउट म्हणत नाहीत, दर्जा भरणं म्हणतात. रबरी पट्टी तिरकी धरून, रेषेवरून आडवी ओढत. सांध्याच्या दिशेने ओढली तर भरलेलं उकरून निघतं.

सगळा खर्च दीड लाखाच्या थोडा वर गेला. त्यात बाथरूमचं फोडकाम, वॉटरप्रूफिंग आणि मजुरी ३८,०००, प्लंबिंग १४,०००, लादी लावण्याची मजुरी चौरस फुटाला ५५. स्पेसर, क्लिपा आणि पाचर या सगळ्याला मिळून १,४०० रुपये लागले. डिपॉझिट १२ एप्रिलला परत मिळालं, जिना धुण्याचे १,२०० कापून.

आई २९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी आल्या. तीन मजले चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. चपला काढून त्या हॉलभर वॉकर घेऊन फिरल्या, बाल्कनीपर्यंत जाऊन परत. दर सांध्यावर चाकाचा बारीक टिक असा आवाज येतो. मी त्यांना विचारलं, "अडतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही. आता डोळे मिटूनही कळतं, किती आले ते."

दोन्ही लॉटच्या मिळून तीन अख्ख्या लाद्या पलंगाखाली ठेवल्यात, आणि उरलेली ग्राउटची पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर लॉटचा आकडा, रंगाचं नाव आणि "सांधा ३ मिमी" असं लिहून ठेवलंय.